जर्मनच्या होडीची चीर

आमच्याकडं ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नाही. जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. त्यामुळे एका उन्हाळ्यात पन्नाशीचे एक मच्छीमार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होडी घालून लातुरातल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, जर्मनची होडी हाय, मागून चिरलीय," तेव्हा मला हसू फुटलं. एवढं मोठं पातेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हसणं ही माझी जुनी खोड. अब्बा म्हणायचे, ह्याची जीभ आधी चालते, हात मागून येतो. पण त्या दिवसांत माझा हातही जोरात होता. शहरात क्लासेसचं पीक आलेलं. दहावी झालेली पोरं नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून यायची आणि त्या सगळ्यांना निजायला खाट लागायची. एकावर एक, दोन मजली, लोखंडी. गल्लोगल्ली हॉस्टेलं निघत होती आणि खाटा आम्ही करत होतो. आमची खाट मोडली म्हणून सांगायला अजून कोणी आलं नव्हतं, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

त्यात भूकंपानं आमच्या भागाला एक सवय लावून ठेवलेली. चीर दिसली की लोखंड. भिंत तडकली, मार पट्टी. चौकट हलते, लाव अँगल. भूकंपानंतरची दोन वर्षं अब्बांनी पत्र्याच्या शेडांचे सांगाडे जोडण्यात घालवली, आणि मी त्यांच्या हाताखाली तेवढंच शिकलो. जे जाड ते मजबूत. आणखी एक सवय होती, ती घराघरांत होती. भिंतीला चीर असली की तिच्या टोकाशी लोक पेन्सिलीनं आडवी रेघ मारून ठेवत. सकाळी उठलं की आधी रेघ बघायची. चीर रेघेच्या पुढं सरकली नसली तर मग चहा. आमच्या अम्मीनं भिंतींना चुना दिला तेव्हा रेघांच्या जागा तेवढ्या सोडून दिला होता.

तर त्या होडीकडं येतो. मी त्या गृहस्थांना मामा म्हणू लागलो, कारण तिसऱ्या वाक्याला ते मला भाचा असल्यासारखं बोलायला लागले. मामा भोई, मूळ निलंग्याकडचे, मांजरा नदीच्या काठचे. भूकंपात त्यांच्या घराची दगडी भिंत त्यांच्या उजव्या खांद्यावर आली. जीव वाचला, पण हात खांद्याच्या वर जाईना. पुढं ते बायकोच्या माहेरी, रेणापूरजवळच्या एका धरणावर मासे धरायला आले.

आणि ही होडी? ती भूकंपाच्या मदतीत आली होती! खोटं नाही सांगत. त्या मदतीत लोकरीच्या टोप्या आल्या, टाय आले, उंच टाचांचे बूट आले, तसंच कुठल्याशा लांबच्या भल्या माणसांनी एक होडी पाठवली. जमीन हलली तर होडी कशाला, हे त्यांना कोणी विचारलं नाही. पाच-सहा वर्षं गावानं तिच्यात म्हशींना पाणी पाजलं. मामा गाव सोडून निघाले तेव्हा म्हणाले, बाकी काही नको, तो म्हशींचा हौद द्या.

त्यांना ती का हवी होती ते सांगितलं पाहिजे. एका हातानं वल्हं मारता येत नाही. होडी गोल फिरते. पण ह्या होडीला मागं एक उभी फळी होती, बाहेरून जर्मनचा पत्रा आणि आत लाकूड, आणि तिच्यावर छोटं इंजिन टांगता येत होतं. इंजिन असलं की एक हात पुरतो. मामांनी कुठूनतरी जुनं इंजिन मिळवलं आणि खांदा गेल्यापासून पहिल्यांदा ते एकटे पाण्यात गेले. आता तीच मागची फळी वरच्या काठापासून खाली वीतभर चिरली होती. फळी गेली की इंजिन गेलं, इंजिन गेलं की पाणी गेलं. मग लातुरात येऊन कुठल्यातरी फाटकावर राखण करत बसायचं, हेच उरलं होतं. हे त्यांनी मला सरळ सांगितलं.

अब्बा तेव्हा दुकानाच्या दारात खाटेवर बसून असायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. ते उठून आले, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेटा, जर्मनचं काम हाय. घाई नको करू. लोखंड सांगून वितळतं, जर्मन न सांगता."

मी म्हटलं, "अब्बा, तुम्ही चहा घ्या."

मी काय केलं, तर चिरेवर आतून-बाहेरून लोखंडाची जाड पाटी बसवली, लोखंडी बोल्ट आरपार घालून आवळले आणि वरून हिरवा रंग मारला. भूकंपवाल्यांचं काम. मामा पाटीवर थाप मारून म्हणाले, "लई भारी झालं. पण मिस्त्री, चीर पुढं तर न्हाई ना जाणार?"

मी पुन्हा हसलो. "मामा, हत्ती बांधा. होडी फाटंल, पण पाटी न्हाई हलणार!"

आणि अगदी तसंच झालं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका नव्या हॉस्टेलच्या खाटा पोचवायला मी टेम्पो घेऊन गेलो, तर फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर निळा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मामा बसलेले. मला बघून उठले. "या मिस्त्री," म्हणाले आणि चांगल्या हातानं खाटेचं एक टोक धरायला लागले.

"मामा, होडी?"

"हाय की. काठावर पालथी घातलीय."

"का?"

"जरा पाणी घ्यायली." मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाले, "तुमची पाटी पक्की हाय बरं. हाललीसुदिक न्हाई."

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी त्यांचाच आला. एवढे महिने गेले, दुकान माहीत होतं, एसटी दारात थांबते, मग सांगायला काय झालं होतं? मी तसं बोललोही, चारचौघांत, आवाज चढवून. वरच्या मजल्यावरून पोरं वाकून बघायला लागली. मामा खाली बघत म्हणाले, "तुमी मन लावून केल्तं. आता काय सांगावं."

त्यानंतर मला खाटा उतरवून घेणं जड गेलं.

पुढच्या शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी टेम्पोत गॅस-हत्यारं टाकून अब्बांना घेऊन धरणावर गेलो. मामांना रजा मिळाली नव्हती. मामींनी आम्हाला होडीपाशी नेलं. मी पालथी होडी उलटली आणि मागची फळी पाहिली. माझी पाटी जागच्या जागी होती, दिमाखात. बोल्टांभोवतीचा जर्मन मात्र पांढऱ्या भुकटीसारखा झाला होता. ओल्या लाकडात लोखंड आणि जर्मन शेजारी ठेवले की लोखंड राहतं आणि जर्मन झिजतो, हे कुठल्याही कल्हईवाल्यानं मला सांगितलं असतं. आणि चीर पाटीच्या खालून निघून तळाकडं चालली होती.

तिच्या बाजूला पत्र्यावर बारीक आडवे ओरखडे होते. एकाखाली एक. मी मोजले, सात होते.

"हे काय?" मी विचारलं.

"खिळ्यानं मारायचे," मामी म्हणाल्या. "सोमवारच्या सोमवारी. चीर कुठवर आली त्ये बघायला. घरच्या भिंतीला करायचो न्हाई का आपून, तसं."

"म्हणजे पुढं जाते हे त्यांना माहीत होतं? आणि तरी पाण्यात जायचे?"

"म्या बी भांडले. म्हणायचे, मिस्त्रीनं सांगितलंय, जात न्हाई म्हणून. थांबंल. सातव्या सोमवारी मधीच पाणी भरलं. एका हातानं उपसत आले काठाला." मग त्या म्हणाल्या, "फाटकावर बसल्यापासून जेवण गेलंय बघा माणसाचं. मासळीचा वास येत न्हाई म्हणतेत अंगाला."

मी त्या ओरखड्यांसमोर उकिडवा बसून राहिलो. एकेक ओरखडा म्हणजे एकेक सोमवार, आणि एकेका सोमवारी त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या हसण्यावर जास्त विश्वास ठेवला होता. मला लाज वाटली. अब्बांना दिसत नव्हतं, पण त्यांनी बोटांनी एकेक ओरखडा चाचपला.

मग मी पहिल्यांदा अब्बांना म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करतो."

पाटी काढली. आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं हाताला आलं, ते सगळं खरवडलं आणि सागवानाची नवी फळी तासून बसवायला घेतली. चिरेच्या अगदी टोकाला अब्बांनी मला बारीक गोल भोक पाडायला लावलं. चांगल्या पत्र्याला मुद्दाम भोक! मी कुरकुरलो. अब्बा म्हणाले, "चिरंला टोक असतं तवर ती चालते. टोक गोल कर, तिला पुढं जायला जागाच न्हाई." इतकं साधं. आणि मी तिच्यावर हत्ती बांधायला निघालो होतो.

वरून लावायला जर्मनचाच पत्रा घेतला. तो फळीच्या काठावरून वाकवायचा तर आधी तापवून मऊ करावा लागतो. मी गॅसची ज्योत धरली आणि लोखंडाच्या सवयीनं पत्रा लाल व्हायची वाट बघत बसलो. जर्मन लाल होतच नाही. तो होता तसा पांढरा राहिला आणि एकदम लोंबून माझ्या बुटापाशी पडला. अब्बा त्या आवाजावर हसले. हसायची पाळी त्यांची होती. त्यांनी मामींकडून कपड्याचा साबण मागून घेतला आणि दुसऱ्या पत्र्यावर त्याची रेघ ओढली. "ही काळी पडली की ज्योत काढ. तो सांगत न्हाई, तर साबणाला विचार." रेघ काळी पडली, मी ज्योत काढली, आणि निवल्यावर पत्रा चपातीसारखा वाकला.

काम दोन शुक्रवार चाललं. दुसऱ्या शुक्रवारी मामा आले, निळ्या शर्टातच. बोल्टांच्या जागी आता जर्मनचेच रिबीट, आरपार ठोकून चेपायचे खिळे, मी बाहेरून ठोकत होतो आणि ते डाव्या हातानं ऐरणीचा तुकडा आतून धरून राहिले. चीर आता पत्र्याखाली झाकली जाणार होती. ते गोल भोक तेवढं मी पत्र्याला खिडकी कापून दिसतं ठेवलं आणि पाणी येऊ नये म्हणून डांबरानं बुजवलं. अब्बा म्हणाले, कशाला? मी म्हटलं, बघता आलं पाहिजे.

मग मी खिळा मामांच्या हातात दिला. त्यांनी भोकाच्या खाली आडवा ओरखडा मारला.

मला पोहता येत नाही. तरी त्या दिवशी मी होडीत बसलो, कारण आता नुसत्या शब्दावर मी कोणाला पाण्यात पाठवणार नव्हतो. मामांनी इंजिन ओढून सुरू केलं आणि होडी सरळ निघाली. मधोमध गेल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मी दोन्ही हातांनी काठ धरून मागच्या फळीकडं बघत होतो आणि ते पुढं, पाण्याकडं. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. मला रडू आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

अब्बा आता नाहीत. मामा अजून पाण्यात जातात. दर पावसाळ्यानंतर त्यांचा मोबाईलवरून फोन येतो. ना तब्येत, ना हवापाणी. "मिस्त्री, चीर रेघंच्या आतच हाय." एवढंच.

गेल्या वर्षी मी न राहवून विचारलं, "मामा, आणि पुढं गेली तर?"

पलीकडं त्यांनी इंजिन बारीक केलं.

"गेली तर," ते म्हणाले. "आता सांगंन."