फुगेवाल्या दादांचं कुलूप

आमच्या हवामान केंद्रात फुगेवाले दादा एकच. रोज सकाळी रबरी फुग्यात हायड्रोजन गॅस भरायचा, त्याला पितळी वजन अडकवायचं, फुग्यानं ते जेमतेम उचललं की गॅस बंद. मग वजन काढून फुगा सोडायचा, दुर्बिणीला डोळा लावून मिनिटामिनिटाला कोन सांगायचे आणि मी ते वहीत उतरवायचो. त्यावरून खालच्या थरातल्या वाऱ्याचा वेग कळतो. हाच वारा समुद्रावरून ओल आणतो, म्हणून पावसाळ्याची भिस्त त्याच्यावर. गॅसच्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नाही. मला जीव प्यारा आहे.

तीन वर्षं दादा गल्लीभर सांगत सुटले होते, "वारा वाढलाय! सगळ्यात आधी मला कळलंय." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला आणि या वाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांना दादांच्या तीस वर्षांच्या वह्या हव्या होत्या. दादांना आभाळ ठेंगणं झालं.

मॅडम पानं उलटत तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारच्या नोंदीवर थांबल्या. "इथून वारा एकदम वाढलाय. शेजारच्या केंद्रात तसं नाही. कारण कळलं नाही, तर ही तीन वर्षं मला टाकून द्यावी लागतील."

दादांचा चेहरा उतरला. ते गॅसच्या खोलीत गेले आणि एक कुलूप घेऊन आले.

"वजन गटारात पडलं, मॅडम. वर कळवलं असतं तर लेखी खुलासा, चौकशी... म्हणून घरच्या पेटीचं कुलूप आणलं. हातावर तोललं, तेवढंच वाटलं. आमची ही अजून ते घरभर शोधतेय."

मी मान मोडून आकडे लिहिले ते या कुलपाच्या भरवशावर? माझं डोकंच फिरलं.

मॅडमनी कुलूप तराजूवर ठेवलं. हलकं निघालं. "म्हणजे गॅस कमी, फुगा सावकाश चढायचा. तुम्ही हिशेबात तो नेहमीच्याच वेगानं चढतोय, म्हणजे होता त्यापेक्षा उंच धरलात, म्हणून वारा जोरात दिसला."

"मग टाका ती वर्षं," दादा म्हणाले. त्यांच्याकडे बघवेना.

"मध्ये कधी कुलूप बदललंत?"

"छे! एक दिवससुद्धा नाही."

"मग चूक रोज सारखीच आहे. हिशेब करून तिन्ही वर्षं दुरुस्त होतील."

दादांनी कुलूप तराजूवरून उचललं. म्हणाले, "म्हणजे वारा वाढलाच नाही?"

"नाही."

संध्याकाळी ते गल्लीत घरोघर गेले. सोबत म्हणून मीही गेलो. प्रत्येक दारात हात जोडून सांगायचे, "वारा वाढलेला नाही. चूक माझी होती."

लोक विचारायचे, "कसला वारा, दादा?"