केळसकरांची शिडी

सिंगापुरात, बेडोकच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पद्माकर केळसकरांनी काचेच्या कपाटात एक्केचाळीस अपयशं मांडून ठेवली होती. हा शब्द त्यांच्या बायकोचा, अरुणाबाईंचा. रेल्वे इंजिनात गॅस टर्बाइन बसवायचा प्रयोग जगात बहुतेक ठिकाणी गुंडाळावा लागला, कारण ही इंजिनं तेल ढोसायची आणि माणसांचे कान किटवायची. जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून हयात घालवलेल्या केळसकरांचा जीव नेमका त्यांच्यावरच जडला. कपाटात नुसती त्यांची छोटी मॉडेलं जमवून ते थांबत नसत. कोणत्या इंजिनाला कुठल्या बाजूला किती जाळ्या, याचा छडा लावायला त्यांनी परदेशी म्युझियमना इतकी पत्रं लिहिली, की तिथली माणसं रिटायर झाली पण यांचे प्रश्न संपले नाहीत.

त्यांचं नाव झालं ते एका ड्रॉइंगमुळे. युरोपात दोनच बनलेल्या एका इंजिनाचं ड्रॉइंग त्यांनी वीस वर्षांपूर्वी, हाती लागलेल्या रेल्वे यार्डातल्या एकुलत्या एका फोटोवरून, जहाजाच्या केबिनमध्ये बसून काढलं आणि इंटरनेटवर टाकलं. फोटोत इंजिनाच्या डाव्या अंगाला शिडी होती. केळसकरांनी भिंग लावून पायऱ्या मोजल्या, नऊ भरल्या. तेव्हापासून जगभर त्याच ड्रॉइंगवरून बनणाऱ्या त्या इंजिनाच्या प्रत्येक मॉडेलला नऊ पायऱ्यांची शिडी असते. त्यातली पाच त्यांच्याच कपाटात होती.

गेल्या वर्षी मॉडेल-रेल्वे क्लबच्या प्रदर्शनात निशिकांत नावाच्या तरुण सभासदाने तेच इंजिन आणलं. चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी सांभाळून, आठ महिने खपून त्याने ते स्वतः बनवलं होतं. परीक्षक अर्थात केळसकर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"शिडी कुठाय?"

"काका, मला ती इंजिनाची वाटतच नाही. फोटोत दारापर्यंत पोचत नाही ती."

"तुला काय वाटतं याचं प्रदर्शन नाहीये हे. चुकीचं मॉडेल टेबलावर राहणार नाही."

निशिकांतने मॉडेल खोक्यात घातलं. त्यानंतर तो क्लबात फिरकला नाही. "हल्लीच्या पोरांना अभ्यास नको," केळसकर घरी येऊन म्हणाले आणि निवांत जेवले.

यंदाच्या प्रदर्शनाला आठवडा उरला असताना एका म्युझियमचं उत्तर आलं, सोबत एक फोटो. तेच यार्ड, तोच दिवस, तेच इंजिन. डावी बाजू कोरी. आणि टोपी घातलेला एक सफाईवाला खांद्यावर शिडी टाकून निघालेला. केळसकरांनी पायऱ्या मोजल्या. नऊ.

अरुणाबाईंनी मागून डोकावून पाहिलं. "अगं बाई! वीस वर्षं जगभर त्या झाडूवाल्याची शिडी मिरवलीत की हो!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. केळसकरांना हसू आलं नाही. खोकं बंद करणारे निशिकांतचे हात त्यांना आठवत राहिले आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

शनिवारी सकाळी ते फोटो घेऊन ईस्ट कोस्टला निशिकांतच्या कॉन्डोकडे निघाले. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तीस वर्षांत इंजिनरूममध्ये कधी उच्चारावे लागले नव्हते, म्हणून बसमध्ये त्यांनी मनातल्या मनात सराव केला. निशिकांतने दार उघडलं आणि त्यांना तोंड उघडू न देता आतून मॉडेल आणलं.

"बरं झालं आलात काका. मी खूप विचार केला. तुमचा एवढा अभ्यास, मीच उगाच हट्टाला पेटलो. ही बघा शिडी, नऊ पायऱ्या. पक्की सोल्डर केलीय, आता निघायची नाही."

केळसकरांनी मॉडेलशेजारी फोटो ठेवला. निशिकांतने सफाईवाल्याच्या खांद्यावरच्या शिडीच्या पायऱ्या मोजल्या.

"म्हणजे गेल्या वर्षी माझं बरोबर होतं?"

"हो. माझं चुकलं."

"आणि यंदा?"

"यंदा परीक्षक तू आहेस," केळसकर म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी निशिकांतने चुकीच्या शिडीची केळसकरांची पाचही इंजिनं टेबलावरून उतरवली. मग स्वतःचं सहावं. खोक्यांची झाकणं केळसकर धरून उभे होते.