बिनचेहऱ्याचा पुतळा

सगळे त्याला पुतळेवालाच म्हणत. शहरातल्या दोन पक्षांची युती दर वर्षी मोर्चा काढून माजी नगराध्यक्षाचा पुतळा जाळायची, आणि तो पुतळा हा करायचा: पोटात पेंढा, जुनी पँट, वर कागदाच्या लगद्याचा चेहरा. नगराध्यक्ष निवडणुकीत पडला, राजकारण सोडून लेकीकडे राहायला गेला, तरी ऑर्डर काही थांबली नाही.

"साप कधीच निघून गेला, अजून भुई धोपटतायत मेले!" बायको म्हणायची.

पुतळेवाल्याला नसत्या चौकशांची खोड. असं का, हे कोडं त्याला काही सुटेना.

यंदा मात्र घोळ झाला. ओला चेहरा खिडकीत वाळत राहिला आणि घाईघाईत पुतळा डोक्याला कोरं फडकं गुंडाळूनच चौकात गेला.

"हा कोण रे?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पोट बघ की, तुमचेच साहेब!" एका पक्षाचा कार्यकर्ता दुसऱ्या पक्षाच्याला म्हणाला.

"आणि त्या काटकुळ्या तंगड्या? त्या तुमच्या साहेबांच्या!"

झालं! पुतळा राहिला बाजूला आणि युतीचे कार्यकर्ते एकमेकांच्या उरावर बसले.

संध्याकाळी दोन्ही पक्षांचे साहेब मागच्या दारानं पुतळेवाल्याकडे आले, तेही एकाच गाडीतून.

"तो चेहरा शाबूत आहे ना?"

त्यानं खिडकीतून काढून दाखवला. पोटवाल्या साहेबांनी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत घेतला.

पुतळेवाल्याला राहवेना. "साहेब, अजून इतका राग आहे त्याच्यावर?"

"राग? छे हो!" काटकुळे साहेब कळवळून म्हणाले. "देवमाणूस आहे. उदंड आयुष्य लाभो त्याला."