गाडी दारात, लेक सायकलवर

गाडीच्या काचा वर केल्या, एसी लावला, की किस्से घडत नाहीत. घडले तरी बाहेरच्या बाहेर घडतात, आपल्याला नुसते काचेतून दिसतात. सायकलचं तसं नाही. मागं पोर बसवून तासगावातून रोज शाळेपर्यंत सायकल मारून बघा, वाटेतला प्रत्येक माणूस काहीतरी बोलणारच! आम्ही तीन पालक असे जातो. मी, पार्लरवाली सुरेखा आणि बेदाण्याचे व्यापारी मगदूम. शाळेत आम्हाला 'सायकल पार्टी' म्हणतात. टिंगल असते ती, पण आम्ही कशाला मनावर घेतोय!

*

आधी मी सायकलवर का आले ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिला फिटनेसचं वेड. छे!

माझी गार्गी पहिलीत गेली. शाळा गावाबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडं. तिचे बाबा शिरवळला कंपनीत, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतात. लेकीसाठी म्हणून त्यांनी हौसेनं गाडी घेतली. आणि लेक गाडीत बसली की उलटी! रोज! लिंबू झालं, आवळासुपारी झाली, बुडाखाली वर्तमानपत्र झालं. व्हॅन लावली, तर तिथं दुसऱ्या पोराच्या दप्तरातच उलटी. त्या पोराच्या आईनं फोनवर माझी जी पूजा बांधली, ती सांगण्यासारखी नाही.

पुढं पुढं गार्गी जेवताना विचारायला लागली, "आई, उद्या शाळा आहे का?" आहे म्हटलं की ताट बाजूला. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती घरीच. पोरगी शाळेलाच मुकते की काय, या काळजीनं माझा जीव अर्धा झाला होता.

मग एक दिवस माझी लग्नाआधीची सायकल माळ्यावरून काढली, मागं लहान सीट बसवून घेतली आणि तिला सोडायला गेले. गेटवर उतरून ती म्हणाली, "आई, पोट आज विसरलं वाटतं!"

वॉचमनसमोरच रडले मी. इतकं हलकं वाटलं!

*

गावात मात्र चर्चा सुरू. शेजारच्या काकू दारात आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुज्या मालकांची नोकरी हाय न्हवं?"

"आहे की, काकू."

"मग गाडी बंद पडलीया?"

"नाही हो, चांगली चालू आहे."

काकू थोडा वेळ गाडीकडं बघत राहिल्या, थोडा वेळ सायकलकडं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मग भांडान झालंय, दुसरं काय!"

*

सुरेखाची तऱ्हा और. तिला सायकल चालवता यायची, उतरता यायचं नाही! घरी अंगणातल्या कट्ट्याला पाय टेकवून उतरायची. शाळेत कट्टा कुठला? पहिल्या दिवशी ती मैदानाला गोल गोल फिरायलाच लागली. मागं तिचा तिसरीतला वेद. प्रार्थनेची घंटा झाली तरी मायलेकरांच्या फेऱ्या चालूच! शेवटी सायकल जरा हळू झाल्यावर वेदनं टुणकन उडी मारली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.

बाईंनी विचारलं, "वेद, आई कुठाय?"

तो डोळे मिटून, हात जोडून म्हणाला, "येतीय. अजून उतरायचं शिकली नाही."

*

मगदूमांना दोन जुळ्या मुली. एक पुढच्या दांड्यावर, एक मागं. आम्ही ठरवलंय, वळताना हात दाखवायचा म्हणजे दाखवायचाच, पोरांना सवय लागते. मगदूम भलतेच शिस्तीचे. पोरींना सोडून परत येतानाही हात बाहेर!

मार्केटच्या कोपऱ्यावर त्यांनी असाच हात वर केला. आत शेडमध्ये बेदाण्याचा सौदा ऐन रंगात आलेला. आडत्यानं वर बघितलं, हात दिसला, आणि ओरडला, "मगदूम शेठ, पक्कं!"

तासगावात एकदा हात वर गेला की गेला, माघार नाही. मगदूम घरी पोचायच्या आधी बेदाण्याच्या पेट्या घरी! पुढं कितीतरी दिवस आमच्या तिन्ही घरांच्या डब्यात बेदाणाच. पोरं कंटाळली, पण मगदूमांनी हात दाखवणं काही सोडलं नाही. मला म्हणाले, "वहिनी, पोरी सायकलवर बसून बघतात हो. फक्त आता त्या कोपऱ्यावर मी उतरून चालत जातो!"

*

आता आबा. आबा म्हणजे माझे सासरे. फौजेत ट्रक चालवायचे, बर्फातसुद्धा चालवलेत. चाकं जितकी जास्त तितकी माया जास्त! सायकल बघून म्हणाले, "चार चाकं दारात असताना पोर दोन चाकावर न्यायची? न्हाई पटत."

मी म्हटलं, "आबा, अहो पण तिला उलटी होत नाही ना!"

दुसऱ्या दिवशी मागं वळून बघते तर आमची गाडी! आबा सायकलच्या चालीनं, दोन्ही इंडिकेटर लावून, आमच्या मागं मागं. त्यांच्या मागं एसटी, एसटीच्या मागं टेम्पो. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढलं. "आबा, वरात हाय का? मग बाजा कुठाय?"

आबा ढिम्म. "हॉर्न हाय न्हवं तुला? वाजीव की!"

त्यानंही शाळा येईस्तोवर वाजवला! मुख्याध्यापक बाहेर येऊन उभे राहिले, कोण पाहुणे आले म्हणून.

आठवडाभर असं संरक्षण झाल्यावर आबा थोडे नरमले. पण बजावून ठेवलं, "हंगाम सुरू झाला की सायकल बंद. उसाची ट्रॅक्टरं सुटली की मी ऐकणार न्हाई." मला पटत होतं, तेच तर वाईट होतं. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरशेजारून पोर न्यायची म्हणजे मलाही भीती वाटायची. आणि सायकल बंद म्हणजे परत गाडी, परत उलटी, परत ते बाजूला सारलेलं ताट.

*

हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी पुढं उसाची ट्रॉली, कर्कश गाणी लावलेली, मागं आम्ही तिघं. वाट मिळावी म्हणून आम्ही घंट्या वाजवल्या, पोरांनी हात हलवले, "थांबा, थांबा!"

ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, मागं आला आणि ट्रॉलीतनं ऊस उपसून एकेका पोराच्या हातात द्यायला लागला! "घ्या रं! वहिनी, आवं लेकरांनी चालत्या ट्रॉलीतनं वढायचा म्हंजी धोका. मागायचा की सरळ!"

आम्ही ऊस मागतोय असंच त्याला वाटलं. आमच्याकडं ट्रॉलीमागं पोरं लागली की दुसरं काय वाटणार? त्या दिवशी सायकल पार्टी शाळेत पोचली ती भाले घेतलेल्या पलटणीसारखी.

पण त्यानं बाकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं असावं. दुसऱ्या दिवसापासून आमची घंटा ऐकली की ट्रॅक्टर कडेला. "शाळा आली, शाळा! जाऊ दे रं!" माझी भीती त्या दिवशी गेली.

आबांची मात्र गेली नाही. चार दिवस त्यांनी चालू दिलं, पण सोमवारी गार्गीला गाडीत बसवलंच. नेमकी त्या दिवशी प्रार्थनेनंतर सुविचार सांगायची तिची पाळी. ती नुसती माझ्याकडं बघत गेली. मला राहवेना, रिकामी सायकल घेऊन मी मागनं निघाले.

पुढं ट्रॉली उलटलेली! रस्ताभर ऊस. कुणाला लागलं नव्हतं, पण गाड्यांची ही रांग. आमच्या गाडीचं दार उघडं आणि आबा रस्त्याच्या कडेला गार्गीची पाठ चोळत उभे. बर्फात ट्रक चालवलेला माणूस, पण तोंड पार उतरलेलं. मला बघितल्यावर त्यांनी तिचं तोंड पुसलं, उचलून सायकलवर बसवली आणि म्हणाले, "घे हिला. पळ."

सायकल काय, कडेकडेनं निघते! घंटेला पोचलो. गार्गीनं सुविचार सांगितला, अर्धा विसरली, पण सांगितला.

आबा गाडी घेऊन दुपारी घरी आले. एवढंच विचारलं, "परत झाली का?"

"नाही, आबा."

"हं."

*

त्याच शुक्रवारी आबा सांगलीला जाऊन आले. कशाला, ते कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी गार्गीचे बाबा शिरवळहून आले आणि नेहमीसारखी गाडी धुवून, पुसून, गेटसमोर आडवी लावून झोपले.

शनिवारी सकाळची शाळा. मी डबा भरत होते, तेवढ्यात बाहेरून आबांची हाक आली. आबांनी लेकाच्या हातात गाडीची किल्ली ठेवली होती. "ही शिरवळला घिऊन जा. हितं जागा न्हाई."

"जागा नाही? का बरं?"

"दोन सायकली लावायच्यात."

"दोन?"

गार्गीचे बाबा डोळे चोळत इकडं तिकडं बघायला लागले. तेवढ्यात मागनं घंटा वाजली. नवी, खणखणीत! डोक्याला फेटा गुंडाळून आबा नव्याकोऱ्या सायकलवर, मागं गार्गी.

"बाबा, गाडी बाजूला घ्या ना! आम्हाला उशीर होतोय!"