सल्ल्याच्या बाई

अख्ख्या बीड जिल्ह्यात आमच्या सल्ल्याच्या बाईंइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं, हे मी देवळात उभी राहूनही सांगेन. गल्लीत नुकतंच केबल आलेलं, कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बूथ झालेला. त्या दिवसांत एका संस्थेनं बीडला कुटुंबांसाठी सल्ला केंद्र काढलं, आणि तिथं या बाई बसत. बाईंना कुत्र्याची भीती, पालीची भीती, फटाक्यांची भीती. रिक्षात बसल्या की डोळे गच्च मिटून ‘हळू रे बाबा, हळू’ म्हणत. रिक्षा अजून सुरूही झालेली नसे. आमच्या गल्लीत पहिल्यांदा आल्या तेव्हा अंगावर पांढरी साडी, हातात पिशवी. बायकांना वाटलं, आली नसबंदीच्या ऑपरेशनवाली नर्स! धडाधड दारं लागली. त्या आवाजानं बाई एवढ्या दचकल्या की आमच्याच ओट्यावर बसकण मारली. आईनं पाणी दिलं, आणि अशा त्या आमच्या घरात शिरल्या.

घरात तर भीतीच नांदत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचे. घाटात ट्रक उलटला, शेजारी बसलेला क्लीनर जागीच गेला, अण्णांना नुसतं खरचटलं. तेव्हापासून ते गाडीकडं फिरकले नाहीत. दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून पडत, आणि भांडं वाजलं तरी उठून अंगावर येत. आई कपडे बांधून, मला अन् धाकट्याला घेऊन पाटोद्याला मामाकडं निघायच्या बेतात होती. परत यायचं की नाही, हे विचारायची माझी छाती नव्हती.

बाई दर गुरुवारी यायला लागल्या. आधी एकट्या अण्णांशी बोलत, मग स्टोव्हपाशी बसून एकट्या आईशी. पहिल्या दिवशी अण्णा खेकसले, “मी काय येडा हाय का?” बाई चांगल्याच टरकल्या, पण उठल्या नाहीत. “वेडे नाही हो, भ्यालात. मला त्यातलं कळतं,” म्हणाल्या. अण्णांना चक्क हसू आलं.

एका गुरुवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल बसवलं. “ज्याला ज्याची भीती वाटते, ते त्यानं सांगायचं. मधे कुणी बोलायचं नाही.” धाकटा म्हणाला, भुताची. मग आई म्हणाली, “मला ह्यांचीच भीती वाटती.” मला वाटलं, आता अण्णांचा हात उठणार! पण ते पुटपुटले, “मला बी. मला बी माझीच वाटती.” आईनं बांधलेलं कपड्यांचं गाठोडं त्या दिवशी सोडलं नाही, पण ती निघालीही नाही.

पुढं बऱ्याच महिन्यांनी अण्णा पुन्हा गाडीवर गेले. त्या दिवशी बाई सकाळीच आमच्याकडं हजर. आईला धीर द्यायला आल्या होत्या म्हणे. खरं तर आईच त्यांना चहावर चहा पाजत होती. रस्त्यावर हॉर्न वाजला की दोघी एकमेकींचा हात धरत. दिवस कलला तेव्हा अण्णा आले. चपला काढल्या, आईसमोर बसले. “आज लई भ्यालो गं,” म्हणाले. ओरडले नाहीत, भिंतीकडं वळले नाहीत, नुसतं सांगितलं. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मग केंद्र बंद पडलं आणि बाई लांब कुठंतरी लेकीकडं गेल्या. निरोप घ्यायलाही आल्या नाहीत. निरोपाचीही त्यांना भीती वाटत असणार, असं आई म्हणते. असेलही. मला मात्र अजून त्यांचा राग येतो. एकदा तरी यायला हवं होतं.