ओढा उलटा आला तेव्हा

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पाण्यासाठी मैलभर चाललेल्या माणसांना पाण्याची कसली भीती? आमचं गाव घनसावंगीकडचं, गोदावरीपासून कोसभर आत. उंचवट्यावर गाव आणि खाली ओढ्याच्या काठाला आमची बौद्ध वस्ती. माझा नवरा पलीकडच्या तालुक्यात मास्तर होता, शनिवारी घरी यायचा. एरवी घरात मी, माझी दीड वर्षाची लेक आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्यांना माणूस म्हणजे नुसती सावली दिसायची.

नवऱ्यानं घेतलेला रेडिओ कोनाड्यात असायचा. एका सकाळी बातम्यांत सांगितलं, पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्रातून मोठं वादळ आलंय. गावंच्या गावं वाहून गेली.

"आत्याबाई, ऐकलं का?" मी म्हणाले.

"समुद्र कुठं अन् आपण कुठं, माय," त्या म्हणाल्या. "चहा टाक."

त्या वादळाचंच आभाळ आमच्याकडे सरकत होतं, हे आम्हाला कुठून कळणार? आमच्याकडचा पाऊस नेहमी मावळतीकडून येतो. हा उगवतीकडून आला आणि हलायचं नावच घेईना. मातीच्या भिंती ओल पिऊन फुगल्या. चुलीत लाकूड पेटेना. ओढा दोन्ही काठ भरून गर्जत होता, पण तो नदीकडे चालला होता. म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

मग पाऊस थांबला. चक्क ऊन पडलं. बायकांनी ओल्या गोधड्या बाहेर टाकल्या. पुरुष माणसं मीठ-मिरची आणायला कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेली. दुपारी भांडी घासता घासता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, ओढ्याचा आवाज बंद झालाय.

मी काठावर गेले. पाणी गढूळ, फुगलेलं आणि एकदम गप्प. त्यावर एक गोवरी तरंगत होती. ती नदीकडे जायची सोडून माझ्याकडे, वर, गावाकडे येत होती. तिच्यामागं कडबा आला, कुणाचं तरी टोपलं आलं. सगळं उलटं. मी ओरडत वस्तीत पळाले, "निघा! पाणी माघारी येऊन राह्यलं!"

एक म्हातारी हसली. "पाऊस तर उघडला की गं."

कारण मला नंतर नवऱ्यानं समजावलं. वरच्या अंगाला पाऊस झाल्यामुळे नदी तुडुंब भरली होती. ओढ्याला तिच्यात शिरायला जागा नव्हती, म्हणून नदीच ओढ्यात शिरली. त्यातून दुष्काळात ओढा कोरडा पडला तेव्हा वरच्या शेतकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी बांध पुढे सरकवून त्याचं पात्र नांगराखाली घेतलं होतं. पाण्याला पसरायला राहिली ती आमची घरं. पण तेव्हा कारण सुचायला वेळ होता कुठं?

मी लेकीला लुगड्यानं पाठीशी बांधलं. आत्याबाईंच्या हातात माझा पदर दिला. "सोडू नका."

"मला न्हाई दिसत, पोरी. तू बोलत राह्य, आवाजावर येते मी."

गल्लीत पाणी गुडघ्याला होतं, वळणावर कमरेला आलं. पायाखालची माती साबणासारखी सरकत होती. मी बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही. आणि एकाएकी पदर सैल झाला.

मागे वळले तर पाण्यावर कुणीच नव्हतं. असा भयाण क्षण माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. लेक पाठीवर किंचाळत होती, आणि वाकले तर तीच पाण्यात जाईल. मी वाकले. हात फिरवला, काही लागलं नाही. पुन्हा फिरवला, तर केस लागले. अंबाडा मुठीत धरून मी आत्याबाईंना वर ओढलं. त्या खोकल्या, ओकल्या आणि माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारून उभ्या राहिल्या.

चढावर पहिलं घर एका शेतकरी कुटुंबाचं होतं. त्या दारात आमच्यातलं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. मागं पाणी होतं आणि पुढं बंद दार. मला दोन्हींची सारखीच भीती वाटत होती. मी कडी वाजवली.

"बाई, लेकरू गारठलंय," मी ओरडले.

आतून पुरुषाचा आवाज आला, "देवळामागं जा म्हणावं, बाकीचे तिकडंच गेलेत." तरी दार उघडलं. घरची मोठी सून होती. तिनं माझ्या पाठीवरची लेक पाहिली आणि मागं न बघता म्हणाली, "ओठ निळे पडलेत पोरीचे. या आत, जल्दी."

तिनं स्वतःची गोधडी दिली, दूध तापवून दिलं. प्यायला पाणी मात्र ओंजळीत वरून ओतलं. ते मला कळलं, आणि मी प्याले.

त्या घराच्या ओट्यावरून आमची वस्ती दिसत होती. एकेक भिंत खचायची, धप्प आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला आत्याबाई विचारायच्या, "कुणाचं गेलं?" आमचं गेलं तेव्हा मला सांगवेना. त्या आपणच म्हणाल्या, "बरं."

नवरा दुसऱ्या दिवशी लांबच्या वाटेनं चिखल तुडवत आला. आम्हाला पाहून तो खालीच बसला. पाणी ओसरलं, पण विहिरींत गाळ आणि मेलेली जनावरं राहिली. हगवण सुरू झाली. वस्तीतली दोन लेकरं त्यात गेली. माझी लेकही आजारी पडली. आम्ही सगळे वर गावच्या शाळेत राहत होतो, तिथं आलेल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, आणि ती वाचली.

महिन्याभरात लोक पुन्हा त्याच जागी भिंती घालायला लागले. आत्याबाई मात्र खाली उतरेनात. त्यांनी उंचावरच्या गायरानात झोपडीसाठी चार बल्ल्या रोवायला लावल्या. गावची चार माणसं आली. "म्हातारे, ही जागा जनावरांची हाय. खाली जा."

आवाज कुठून येतो याचा अंदाज घेत आत्याबाईंनी तोंड वळवलं. "मी गेल्ते पाण्याखाली," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा न्हाई. मला हलवायचं तर उचलून न्या मंग." आणि मातीत बसल्या.

मी मागं उभी होते, लेक कडेवर. मारतील असंच वाटत होतं. ती माणसं बराच वेळ आपसात कुजबुजली आणि शिव्या देत माघारी गेली. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या आमच्या शेजाऱ्यांनीही तिथं बल्ली रोवली.