सूचनेला उत्तर देणारा दूधवाला

ताम्हिणीच्या एका वळणावर तो दूधवाला मला भेटला. मोटरसायकलच्या किटल्यांना टेकून, मोबाइल आभाळाकडे उंच धरून उभा होता. खालच्या वस्तीला रेंज नाही. म्हणून तहसील कचेरीच्या पेजवरच्या सूचना तो इथं थांबून वाचतो आणि दूध गोळा करताना घरोघरी सांगतो. मी तर असल्या सूचना न वाचताच अंगठ्यानं वर ढकलतो.

मग जीभ दातांत धरून तो एका बोटानं टाइप करू लागला. मी डोकावलो. दरडीच्या कालच्या इशाऱ्याखाली तो लिहीत होता, ‘सांगितलं समद्यास्नी. वस्तीवरली म्हातारी म्हणती, वड्यावरचा साकव हालतोय, त्याचं बी बगा.’

“दादा, सरकारी सूचनेला कुणी उत्तर देतं का?” मला हसू आलं.

“दारात येऊन कुनी सांगतंय, तर त्याला बोलाय नगं? गप ऱ्हायलं तर वाटंल, घरात कुनी न्हाईच.”

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम ते पेज उघडलं. नवी सूचना होती : ओढ्यावरचा साकव दुरुस्तीसाठी बंद. खाली दूधवाला हजर : ‘सांगितलं. म्हातारी म्हणती, काम झालं की च्या प्यायला या.’

त्याखाली कचेरीनं लिहिलं होतं, ‘येतो.’